वाढदिवस कोणाचा?

मुलांचा वाढदिवस करावा कीं करूं नये, असा प्रश्न आमच्या घरांतून सहसा निघत नाहीं. अभ्यंगस्नान, पाटाभोंवतीं रांगोळी, नवें वस्त्र, औक्षण आणि पानांत एखादा गोड पदार्थ, येवढें झालें म्हणजे नातूहि खूष व आजीहि खूष. वाद उत्पन्न होतो तो वय वाढल्यावर. चाळिशी-पन्नाशीच्या गृहस्थानें आपला वाढदिवस मांडावा, इष्टमित्रांस बोलवावें आणि त्यांनीं पुष्पगुच्छ घेऊन यावें, हें कित्येकांस पोरकट वाटतें. कित्येकांस ती निव्वळ साहेबाची नक्कल वाटते. आणि ज्याचा वाढदिवस असतो त्याला तें मनांतून आवडत असलें तरी तोंडानें 'हा खटाटोप कशाला?' असें म्हणावेंच लागतें. उलटपक्षीं तरुण मंडळींचें म्हणणें असें कीं, वर्षांतून एक दिवस आपल्या माणसानें आपलें कौतुक केलें तर त्यांत बिघडलें काय?

ह्या वादांत इतिहासाची साक्ष काढावी असा आमचा विचार आहे. साक्ष काढतांना तीन गोष्टी मात्र विचारल्या पाहिजेत. वाढदिवस कोणाचा होत असे, तो करीत असे कोण, आणि त्या पाटाभोंवतीं उभें राहण्याचा अधिकार कोणाकोणाला होता. आमच्या मतें खरें महत्त्व तिसऱ्या प्रश्नास आहे. पण तेथें पोंचण्यास पहिल्या दोहोंच्या वाटेनेंच गेलें पाहिजे.

प्रौढांचा वाढदिवस ही नवी टूम नव्हे, हें तर आरंभींच स्पष्ट होतें. इ. स. पूर्वीं पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस ह्यानें इराणी लोकांच्या चालीरीती वर्णितांना असें नमूद केलें आहे कीं, वर्षांतील सर्व दिवसांत ते आपल्या जन्मदिवसास अधिक मान देतात. त्या दिवशीं नेहमींपेक्षां अधिक पदार्थ वाढले जात. श्रीमंत लोक बैल, घोडा किंवा उंट अखंड भाजवीत, आणि गरीब लोक लहान जनावरांवर भागवीत. म्हणजे राजवाड्यापुरताच हा सण नव्हता. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें तो घरोघर होत असे.

रोमन लोकांनीं ह्या दिवसास धार्मिक रूप दिलें. त्यांची समजूत अशी होती कीं, प्रत्येक पुरुषाबरोबर त्याची एक रक्षक देवता जन्मास येते. तिला ते 'जीनियस' म्हणत. स्त्रीच्या अशा देवतेस 'जूनो' हें नांव होतें. वाढदिवशीं ह्या देवतेपुढें धूप जाळून मद्याचें अर्घ्य द्यावयाचें व गोड रोटाचा नैवेद्य दाखवावयाचा, असा विधि होता. इ. स. २३८ मध्यें सेन्सोरायनस नांवाच्या पंडितानें आपल्या आश्रयदात्यास वाढदिवसाची भेट म्हणून एक ग्रंथच लिहून दिला, आणि त्याचा विषयहि जन्मदिवस हाच ठेविला. त्यांत जुन्या व्हॅरोच्या आधारानें तो सांगतो कीं, पूर्वज वाढदिवशीं देवतेस पशूचा बळी देत नसत. कारण ज्या दिवशीं आपण स्वतः प्रकाश पाहिला त्याच दिवशीं दुसऱ्या जीवाचा प्रकाश हिरावून घेणें त्यांस योग्य वाटत नसे. ही कल्पना वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ती आपणांस पुढें आपल्याच देशांत पुन्हां भेटणार आहे.

ग्रंथांतील विधींपेक्षां एखादें साधें पत्र कधींकधीं अधिक सांगून जातें. ब्रिटनच्या उत्तरेस, पुढें जेथें हेड्रियन बादशहाची भिंत उभी राहिली त्या प्रदेशांत, विन्डोलांडा नांवाचें रोमन लष्करी ठाणें होतें. तेथील चिखलांत पातळ लांकडी पत्र्यांवर शाईनें लिहिलेलीं शेंकडों पत्रें १९७३ सालापासून सांपडत आलीं आहेत. त्यांत इ. स. १०० च्या सुमाराचें एक आमंत्रण आहे. क्लॉडिया सेव्हेरा नांवाच्या एका अंमलदाराच्या पत्नीनें सल्पिसिया लेपिडिना ह्या दुसऱ्या अंमलदाराच्या पत्नीस कळविलें आहे कीं, ११ सप्टेंबर रोजीं माझा वाढदिवस आहे, तूं अगत्य ये, तुझ्या येण्यानें दिवस अधिक गोड होईल. बहुतेक मजकूर लेखनिकाच्या वळणदार अक्षरांत आहे. शेवटच्या चार ओळी मात्र बाईंनीं स्वतः लिहिल्या आहेत, आणि त्यांत मैत्रिणीस बहीण म्हणून हांक मारली आहे. स्त्रीच्या हातचें म्हणून ओळखतां येणारें इतकें जुनें लॅटिन अक्षर फारच क्वचित् आढळतें. हें पत्र आज ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. साम्राज्याच्या थंड सरहद्दीवर, माहेरापासून शेंकडों कोस दूर राहणाऱ्या एका स्त्रीला आपला जन्मदिवस ठाऊक होता, तो साजरा करण्याची मुभा होती, आणि त्या दिवशीं आपल्या मैत्रिणीनें जवळ असावें अशी इच्छा बोलून दाखवितांना तिला संकोच वाटला नाहीं. हें उदाहरण आम्ही मुद्दाम विस्तारानें दिलें आहे. त्याचें कारण लेखाच्या शेवटीं येईल.

ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळीं ह्या प्रथेवर आक्षेप आले. तिसऱ्या शतकांतील धर्मपंडित ओरिजेन ह्यानें असें म्हटलें कीं, पवित्र ग्रंथांत वाढदिवसाची मेजवानी केल्याचा उल्लेख आढळतो तो इजिप्तच्या फॅरोचा आणि हेरोद राजाचा. पुण्यपुरुषांपैकीं कोणाचाहि नाहीं. ह्या दोन्ही राजांच्या वाढदिवशीं एकेका माणसाचा प्राण घेतला गेला, हें त्या ग्रंथांतच आहे. फॅरोनें आपल्या भटारखान्याच्या मुख्यास फांशीं दिलें व हेरोदानें योहानाचें शिर तबकांत आणविलें. ओरिजेनच्या आक्षेपाचें मर्म आम्हांस येथें दिसतें. ज्या वाढदिवशीं सत्ताधारी माणूस केवळ स्वतःलाच पाहतो, त्या दिवशीं इतरांच्या जीवास धोका उत्पन्न होतो. आक्षेप उत्सवावर असला तरी त्याचा खरा रोख अहंकारावर आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. काशीनाथ उपाध्याय ह्यांनीं पंढरपुरास १७९० सालीं पूर्ण केलेला 'धर्मसिंधु' हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रांतील शास्त्रीमंडळींच्या हाताशीं राहिला आहे. त्यांत वर्षवृद्धीचा, म्हणजे वर्धापनाचा, विधि सांगितला आहे. जन्मतिथीस तीळ लावून स्नान करावें, कुलदेवतेचें व जन्मनक्षत्राचें पूजन करावें, मार्कंडेयाची व अश्वत्थामादि चिरंजीवांची पूजा करावी, आणि तीळ व गूळ घातलेलें दूध अर्ध्या ओंजळीइतकें प्यावें. त्याचबरोबर निषेधहि आहेत. त्या दिवशीं नखें व केश कापूं नयेत, प्रवास करूं नये, मांस खाऊं नये, कलह करूं नये व हिंसा करूं नये. सेन्सोरायनसच्या रोमन पूर्वजांनीं व आमच्या पूर्वजांनीं एकमेकांस न भेटतांच एकच गोष्ट ओळखली होती असें दिसतें: आपल्या आयुष्यांत एका वर्षाची भर पडली, त्या दिवशीं दुसऱ्याच्या आयुष्यांतून कांहीं काढून घेऊं नये.

चिरंजीवांच्या नामावळीकडेहि जरा बारकाईनें पाहण्यासारखें आहे. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम हे सात, व त्यांत मार्कंडेय मिळविला म्हणजे आठ. ह्यांत पहिलें नांव अश्वत्थाम्याचें आहे, आणि त्याचें चिरंजीवित्व तर शापरूप! भळभळती जखम घेऊन तो एकटा रानोमाळ फिरतो, अशीच आमची लोककथा आहे. उलट बळीला दरवर्षीं त्याची प्रजा भेटते, हनुमंताला जेथें रामकथा चालेल तेथें स्थान मिळतें. केवळ दीर्घ आयुष्य म्हणजे वर नव्हे, सोबत असेल तरच तें वर होय, हा धडा ह्या नामावळींतून आपणांस घेतां येण्यासारखा आहे.

राजांचे वाढदिवस अर्थातच निराळ्या थाटाचे असत. अकबर बादशहाची सौर व चांद्र अशा दोन्ही वाढदिवशीं तुला होत असे. सौर वाढदिवशीं सोनें, रेशीम, सुगंधी द्रव्यें इत्यादि बारा वस्तूंनीं व चांद्र वाढदिवशीं रुपें, वस्त्रें, फळें इत्यादि आठ वस्तूंनीं त्याचें वजन करीत, आणि तें सर्व दानांत जाई. अबुल फजलनें 'आईन-इ-अकबरी'त असेंहि नमूद केलें आहे कीं, बादशहाचें जितकें वय तितक्या मेंढ्या, बकऱ्या व कोंबड्या त्या पाळणाऱ्यांस देण्यांत येत व पुष्कळ लहान प्राणी बंधमुक्त होत. इंग्रज वकील सर टॉमस रो ह्यानें १६१७ सालीं मांडू येथें जहांगिराची तुला स्वतः पाहिली व ती लिहून ठेविली. पुढें औरंगजेबानें आपल्या दरबारांतून ही चाल काढून टाकली. येथें देण्याघेण्याची दिशा मात्र बघण्यासारखी आहे. ज्याचा वाढदिवस त्यानेंच द्यावयाचें, व इतरांनीं घ्यावयाचें.

आतां ज्यास आम्ही 'साहेबी' म्हणून नांवें ठेवितों त्या केक-मेणबत्तीविषयीं दोन शब्द. वाढदिवसाच्या पक्वान्नावर वयाइतक्या मेणबत्त्या लावल्याचा एक जुना उल्लेख आहे तो १७४६ सालचा, जर्मनींतील काउंट झिन्झेन्डॉर्फ ह्याच्या वाढदिवसाचा. भट्टींत मावेल तेवढा मोठा केक, त्याला वयाइतकीं भोकें आणि प्रत्येक भोकांत एकेक मेणबत्ती, असें त्याचें वर्णन आहे. हा काउंट त्या वेळीं शेंचाळीस वर्षांचा होता. तेव्हां हा मुलांचाच खेळ आहे असें म्हणणारांनीं ही गोष्ट विचारांत घ्यावी. चाल कोठून आली येवढ्यावरून तिची किंमत ठरवूं नये. ती चालवितांना मनांत काय असतें ह्यावरून ठरवावी.

आमच्याकडे प्रौढपणाच्या वाढदिवसांत विशेष मान साठाव्या वर्षाचा. त्याचें कारण पंचांगांत आहे. प्रभव, विभव इत्यादि साठ संवत्सरांचें चक्र पुरें होऊन माणसाच्या जन्मवर्षाचें नांव पुन्हां येतें. गुरूच्या सुमारें पांच व शनीच्या सुमारें दोन प्रदक्षिणा तेवढ्या अवधींत होतात. म्हणून साठीस शांति करावयाची. पुढें सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा. पौर्णिमा सरासरी साडेएकोणतीस दिवसांनीं येते हें धरून हिशेब केला म्हणजे हजारावी पौर्णिमा वयाच्या ऐंशीं वर्षें दहा महिन्यांच्या सुमारास पडते. ऐंशीं वर्षांच्या बारा-बारा पौर्णिमा म्हणजे ९६०, मधल्या अधिक महिन्यांच्या सुमारें तीस, आणि वरच्या दहा महिन्यांच्या दहा, असा जमाखर्च बरोबर जुळतो. पण ही शांति किंवा हा सोहळा ज्याचा त्यानें एकट्यानें केला असें कधीं होत नाहीं. तो मुलें करितात, सुना-जांवई करितात, गांवकरी करितात. 'माझी साठी मी केली' असें म्हणणें आमच्या भाषेंतहि चमत्कारिक वाटतें.

महाराष्ट्रांत ह्या समजुतीचा सर्वांत मोठा प्रत्यय आला तो १९१६ सालीं. बाळ गंगाधर टिळक ह्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. त्यांच्या वाढदिवसाशीं सरकारचा जणूं कांहीं जुनाच हिशेब होता. १९०८ सालीं २२ जुलैच्या रात्रीं दहाच्या सुमारास मुंबईच्या हायकोर्टानें त्यांस सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली, आणि बावन्न वर्षें पूर्ण झाल्याचा दिवस त्यांच्यासाठीं कैदी म्हणून उजाडला. त्याच दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनीं सहा वर्षांबद्दल सहा दिवस काम बंद ठेविलें. १९०८ पासून १९१३ पर्यंतचे त्यांचे सहा वाढदिवस तुरुंगांत गेले. पहिला साबरमतीस व बाकीचे मंडालेस. ह्याच काळांत, १९१२ च्या जून महिन्यांत, इकडे पुण्यास त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या.

१९१६ च्या २३ जुलैला त्यांस साठ वर्षें पुरीं झालीं. पुण्यास गायकवाड वाड्यांत मित्र, अनुयायी व चाहते जमले. मानपत्र वाचण्यांत आलें. आणि लोकांनीं वर्गणी करून जमविलेली एक लाख रुपयांची थैली त्यांस अर्पण करण्यांत आली. त्याच सुमुहूर्तावर पोलीस अधिकारी सरकारची नोटीस घेऊन हजर झाला. बेळगांव व अहमदनगर येथील भाषणांबद्दल, एक वर्ष चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन कां घेऊं नयेत, असा तींत सवाल होता. मॅजिस्ट्रेटानें तसा हुकूम दिलाहि. पण बॅरिस्टर जीना ह्यांनीं टिळकांची बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं हायकोर्टानें तो हुकूम रद्द केला. थैलीविषयीं टिळकांनीं सांगितलें कीं, ही रक्कम आपण स्वतःकडे ठेवणार नाहीं, ती राष्ट्रकार्याकडेच जाईल.

ह्या एका दिवसांत वाढदिवसाच्या सर्व परंपरा एकवटलेल्या दिसतात. मित्रांनीं दिलें, आणि ज्याचा वाढदिवस त्यानें तें पुन्हां देऊन टाकलें. बादशहाच्या तुलेंत जें रत्नांच्या राशींनीं होई तें येथें वर्गणीच्या रुपयांनीं झालें. परंतु ह्या सोहळ्यांत एक जागा रिकामी होती. एक्केचाळीस वर्षें संसार केलेली, तीन तुरुंगवासांच्या काळांत घर सांभाळणारी बाई ती साठी पाहण्यास उरली नव्हती. सत्यभामाबाईंचा स्वतःचा वाढदिवस कोणता, हें त्या दिवशीं जमलेल्यांपैकीं किती जणांस सांगतां आलें असतें?

येथें आमचा तिसरा प्रश्न येतो. आमच्या जुन्या घरांत सर्वांच्या वाढदिवसांची आठवण ठेवणारी एकच व्यक्ति असे, आणि ती म्हणजे गृहिणी. तिथि तिच्या लक्षांत, पाट तिनें मांडावयाचा, निरांजन तिनें लावावयाचें, सुपारी व अंगठी तिनें ओवाळावयाची, आणि सर्वांचें जेवण झाल्यावर उरलेलें तिनें खावयाचें. तिच्या स्वतःच्या जन्माची तिथि मात्र माहेरच्या पेटींत एखाद्या पत्रिकेवर असली तर असली. लग्नांत नांव बदलण्याची चाल ज्या घरांत होती तेथें नांव आणि जन्मदिवस दोन्ही माहेरींच राहिलीं. तिला वैधव्य आलें म्हणजे तर पुष्कळ घरांत पोटच्या मुलाला ओवाळण्याचा अधिकारहि जाई. पाटाभोंवतीं सुवासिनीच उभ्या राहत, आणि जन्म देणारी आई स्वयंपाकघराच्या दाराआड राहून मनांतल्या मनांत 'औक्षवंत हो' म्हणे.

ह्या दाराआडच्या स्त्रियांस बाहेर आणण्याचें काम ज्यांनीं केलें त्यांत धोंडो केशव कर्वे ह्यांचें नांव अग्रभागीं आहे. १८९३ सालीं त्यांनीं स्वतः विधवेशीं पुनर्विवाह केला व त्यासाठीं गांवचा बहिष्कार सोसला. ज्या १९१६ सालीं टिळकांची साठी झाली, त्याच सालीं कर्व्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ सुरू केलें. १८ एप्रिल १९५८ रोजीं त्यांस शंभर वर्षें पूर्ण झालीं तेव्हां मुंबईस मोठा समारंभ झाला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू त्यास हजर होते, आणि टपालखात्यानें त्यांच्या चित्राचें तिकीट काढलें. ज्यांस एके काळीं स्वतःच्या गांवानें पंगतींतून उठविलें त्यांच्या वाढदिवशीं सारा देश पंगतींत बसला. त्यांच्या संस्थांत शिकून मार्गास लागलेल्या स्त्रियांकडून ज्यांना ओवाळून घेतां यावें अशा थोड्या पुरुषांपैकीं ते एक होते.

आतां काळ पालटला आहे. १९६९ च्या कायद्यानें जन्माची नोंद देशभर सक्तीची केली; मुलगी जन्मली तरी तिची तारीख कागदावर येते. तरी आजहि वडील पिढींतील पुष्कळांची जन्मतारीख १ जून अशीच आढळते, कारण शाळेंत नांव घालतांना गुरुजींनीं ती सोयीनें लिहिली. तिथि आणि तारीख ह्यांचा मेळ साधारण एकोणीस वर्षांनीं बसतो; म्हणून माणसाच्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या व शहात्तराव्या वाढदिवशीं दोन्ही बहुधा एकत्र किंवा एखाद्या दिवसाच्या अंतरानें येतात. ज्यांच्या घरीं वडील माणसाची तिथि ठाऊक आहे, पण तारीख ठाऊक नाहीं, त्यांनीं जन्माचा शक मिळवून जुन्या पंचांगांत पाहिलें तर तारीख सहज काढतां येईल.

तेव्हां प्रौढ माणसाचा वाढदिवस करावा कीं न करावा, ह्यावर आमचें मत असें आहे कीं, अवश्य करावा. परंतु तो ज्याचा त्यानें मांडूं नये, त्याच्या माणसांनीं मांडावा. त्या दिवशीं घरांत भांडण नसावें, घेण्यापेक्षां देणें अधिक असावें, आणि कोणी दाराआड राहूं नये. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आई, आजी, काकू किंवा आत्या असेल, जिनें पन्नास वर्षें सर्वांस ओवाळलें आणि जिला कोणीं ओवाळलें नाहीं. तिला तिची तिथि विचारावी. ती प्रथम हंसेल, 'आतां माझा कसला वाढदिवस?' म्हणेल, आणि मग बहुधा माहेरची एखादी खूण सांगेल: नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीं, किंवा भाताची लावणी चालली होती तेव्हां. तेवढ्या खुणेवरून दिवस ठरवावा, तिच्या हयात असलेल्या मैत्रिणींस निरोप धाडावा, आणि पाट मांडावा. विन्डोलांडाच्या त्या बाईला आपली मैत्रीण यावी असें वाटत होतें. आमच्या घरांतल्या बाईला तसें वाटत नसेल असें समजण्यास कांहींच आधार नाहीं.